मला दानशूर म्हणू नका, मी लोभी आहे

काल रात्री लॉटरीचा ड्रॉ झाला, सहापैकी दोन जुळले, तिसऱ्याला १७ आला आणि माझा १८. म्हणजे नेहमीप्रमाणे तोंडाला पानं पुसली, त्याचं काही नाही, सवय झालीय. पण सकाळी तोंडात ब्रश धरून फोन बघतोय तर लॉटरीवाल्यांचा मेसेज, तिकिटाच्या पैशातला काही वाटा शाळांना जातो म्हणून. "या वेळी तुम्ही जिंकला नाहीत, पण समाज जिंकला! तुमच्यासारख्या दानशूर खेळाडूंचे आभार." पुढे टाळ्या वाजवणारे हात, एक लाल बदाम, आणि दप्तर पाठीला लावून हसणाऱ्या एका मुलीचा फोटो.

डोकंच फिरलं. दानशूर?? आणि खेळाडू?? मी खेळलो काय, सहा गोल काळे केले आणि पैसे दिले, त्याला खेळ म्हणतात होय? कर्णाने कवचकुंडलं काढून दिली तेव्हा त्याला निदान माहीत होतं आपण काय देतोय आणि कोणाला देतोय, इथे मी फुकटात श्रीमंत व्हायला गेलो होतो, हावरटपणा होता तो, शुद्ध आणि प्रामाणिक. तो तरी माझा राहू द्या ना! हरल्यावर वरून टाळ्या कसल्या वाजवता? आणि ती पोरगी, तिचा काय संबंध, ती बिचारी माझ्याकडे बघून हसतेय आणि मला बनियनवर फेस सांडलेल्या अवस्थेत वाटतंय की आपण हिच्या शाळेचे पैसे मागायला गेलो होतो की काय.

सध्या हा रोगच आलाय. बिल भरायला गेलं की मशीन विचारतं सुटे समाजकार्याला देऊ का, मागे दहा माणसं उभी, नाही कसं म्हणणार. पहाटे पाचला उठून चांगल्या कामासाठी पळा, पळायचे पैसेही आपणच भरा, आणि वर तो भडक टी-शर्ट. दानाबद्दल राग नाही हो, हे जे आपल्याला न विचारता पुण्य चिकटवतात ना, त्याचा आहे.

बरं, पुण्य तरी किती? ब्रिटनची नॅशनल लॉटरी घ्या, १९९४ ला सुरू झाली, सुरुवातीच्या वर्षांत शंभरातले साधारण २८ चांगल्या कामांना जायचे, १२ सरकारचा कर, मग विक्रेत्याचं कमिशन, चालवणाऱ्याचा हिस्सा, उरलेली बक्षिसं. शंभर सरळ उचलून शाळेला दिले असते तर शंभरच्या शंभर पोचले असते की! आणि अमेरिकेत काही राज्यांत तर ओरड अशी की लॉटरीतून शाळांना पैसे आले की बजेटमधून शाळांचा वाटा तेवढाच हळूच आखडता घेतात. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, आणि दळणाऱ्याला दानशूर म्हणायचं.

त्यातून जिंकायची शक्यता हेच लोक आणखी पातळ करतात. ब्रिटनमध्ये ४९ मधून ६ निवडायचे तेव्हा जॅकपॉट १,३९,८३,८१६ मध्ये एक, २०१५ मध्ये आकडे ५९ केले आणि ते झालं ४,५०,५७,४७४ मध्ये एक. दहाच आकडे वाढवले! त्याच वर्षी अमेरिकेतल्या पॉवरबॉल लॉटरीने हेच प्रमाण साडेसतरा कोटींत एकवरून २९ कोटींच्याही वर नेलं. जॅकपॉट लागतच नाही, रक्कम फुगत जाते, फुगलेली रक्कम बघून रांग वाढते, आणि रांगेत माझ्यापुढे कायम तोच माणूस ज्याला तिकीट तिथेच उभं राहून नखाने खरवडायचं असतं, सगळा करडा भुगा काउंटरवर, माझ्या कोपराला.

हां, सिडनीचं ऑपेरा हाउस आहे, तेवढं मान्य. १०.२ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर लागले, अंदाज होता ७० लाखांचा, आणि बहुतेक पैसा लॉटरीचा. १९५७ पासून हरणाऱ्यांनी मिळून ती इमारत उभी केली. पण निदान ती दिसते तरी, बोट दाखवून म्हणता येतं की तो डावीकडचा टवका माझा.

हे सगळं मी बायकोला तावातावाने ऐकवलं. तिने शांतपणे विचारलं, "अरे, लागली असती तर शाळेला किती दिले असतेस?" आता माझ्याकडे जिंकल्यावर काय काय करायचं याची यादी आहे, फोनमध्ये, दोन वर्षं जुनी, वेळोवेळी सुधारलेली. घर, गाडी, राजीनाम्याचा मसुदा (तीन आवृत्त्या), अमुक नातेवाइकांना अजिबात कळवायचं नाही. शाळा नाही. शाळेचा शही नाही. म्हणजे माझ्या हातून शाळेला जे काही गेलंय ते मी हरलो म्हणूनच गेलंय, हे ती बोलली नाही, नुसती चहा गाळत राहिली.

मग निदान मेसेज तरी बंद करू म्हणून सेटिंगमध्ये गेलो. तिथे लिहिलंय, सूचना बंद केल्यास बक्षिसाची सूचनाही येणार नाही.

राहू दिला चालू.