टेस्टोस्टेरॉन वाढवायचंय? आधी घोडा छाप डबी घ्या

चाळिशी आली, घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये क्लच दाबून दाबून जीव जातोय? म्हणजे पुरुषी हार्मोन घसरले, दुसरं काय असणार!

पहिलं काम, टेस्ट. ती ऑफिसवरून येताना संध्याकाळी सातलाच करा. मी केली, २७१ आला, म्हणजे कमी.

रिपोर्ट डॉक्टरला दाखवू नका, मेहुण्याला दाखवा.

मग मेहुण्याने सांगितलेल्या नौपाड्यातल्या दुकानात जा. काउंटरवरचा माणूस इकडेतिकडे बघून हळूच म्हणेल, "साहेब, तीन महिन्यांचा कोर्स, ४,८००." पावती मागू नका, लाज वाटते. डबीवर घोडा आहे ना एवढं बघा.

गोखरू तर हवाच. बल्गेरियाच्या वेटलिफ्टरांच्या नावाने विकतात तो, आणि त्याच बल्गेरियात २००५ साली २१ तरुणांना चार आठवडे देऊन बघितला तर टेस्टोस्टेरॉन हललंसुद्धा नाही, पण ते सोडा.

अश्वगंधा मात्र खरी हं, अभ्यास आहे! २०१५ चा, ५७ पुरुष, आठ आठवडे, घेणाऱ्यांचं टेस्टोस्टेरॉन न घेणाऱ्यांपेक्षा जास्त वाढलं. फक्त ते सगळे तेव्हा जिममध्ये वजनं उचलत होते, घेणारे रोज मुळाचा मोजून ३०० मिलिग्रॅम अर्क दोन वेळा घेत होते, आणि माझ्या डबीवर काय लिहिलंय तर 'गुणकारी वनस्पती'. किती, कुठली, मूळ की पान, काही नाही! काहींच्या लिव्हरला अश्वगंधेने त्रास झाल्याच्या केसेस नोंदलेल्या आहेत, ते कोण सांगणार, घोडा? असल्या 'मर्दानी ताकदीच्या' औषधांची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे आणि लोकलच्या डब्यात डोक्यावर तेच स्टिकर, रोज, वर्षानुवर्षं.

शिलाजीत. त्याचाही सेपरेट डबा मिळतो.

शेवटी बायकोने ओढत डॉक्टरकडे नेलं. त्यांनी पहिलं विचारलं, "रक्त किती वाजता दिलं?" टेस्टोस्टेरॉन सकाळी जास्त असतं, संध्याकाळी उतरतं, म्हणून सकाळी आणि तेही दोन वेगळ्या दिवशी तपासायचं. दोनदा तपासलं. ४१२ आणि ४३८, म्हणजे ठीकच.

अरे मग कळत नाही का आपल्याला? पोट सुटलंय, शुगर कधी तपासलेली नाही, रात्री दोनपर्यंत रील बघतो. २०११ च्या एका अभ्यासात धडधाकट तरुणांना आठवडाभर पाच तासच झोपू दिलं तर दिवसाचं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्के पडलं. आणि आपण डबीवर घोडा शोधतोय. खरंच कमी असेल तर त्याला उपचार आहेत, डॉक्टरकडे जा ना, कसली लाज! ४,८०० रुपये देताना नाही वाटली ती?

मेहुण्याचा कालच मेसेज आलाय, "फरक पडला का?" ये घरी, सांगतो.