‘सूज उतरली की पोऱ्या बरा’: या मेसेजमध्ये चुकतंय काय?

जळगाव-धुळ्याकडच्या ग्रुपांवर फिरणारा मेसेज सांगतो: मुलाचा चेहरा सुजला तर ती उष्णता. पुनर्नवा-गोखरूचा काढा द्या, डाळ-दूध बंद करा, स्टेरॉइडने किडनी जाते म्हणून गोळ्या टाळा. सूज उतरली की पोऱ्या बरा.

उष्णता म्हणाल, तर मे महिन्यात आपल्याकडे सगळेच तापतात, पापण्या सगळ्यांच्या सुजत नाहीत. अशी सूज नेफ्रॉटिक सिंड्रोम या किडनीच्या आजाराची असू शकते. त्यात किडनीच्या गाळणीतून अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीत गळतं, रक्तात ते डेसिलिटरला 3 ग्रॅमच्या खाली येतं आणि पाणी अंगात साचतं. सकाळी पापण्या, संध्याकाळी पाय. चड्डीच्या इलॅस्टिकचा वळ पोटावर खोल उमटतो. हा आजार 2 ते 6 वर्षांच्या मुलांत जास्त. अ‍ॅलर्जी समजून डोळ्यांत थेंब घालत बसण्याआधी लघवी तपासा.

‘सूज उतरली की बरा’ हे सगळ्यात घातक वाक्य. सूज कमी झाली तरी प्रथिन गळत असू शकतं, आणि आजार उलटतो तेव्हा लघवी आधी सांगते, चेहरा मागून. मेडिकलवर प्रथिनाच्या पट्ट्या मिळतात. सकाळची पहिली लघवी घ्या, पट्टी बुडवून झटका आणि डबीवर लिहिलेल्या वेळेला, बहुतेक 60 सेकंदांनी, रंग डबीवरच्या तक्त्याशी जुळवा. डबी मोरीत ठेवू नका. ओल लागली की पट्टी खोटं बोलते. निकाल वहीत लिहा. सलग 3 दिवस निरंक किंवा पुसट म्हणजे आजार दबला. सलग 3 दिवस 3+ किंवा 4+ म्हणजे उलटला. अंग सुजायची वाट न पाहता डॉक्टरांना गाठा. सर्दी-तापानंतर हे हमखास पाहा.

स्टेरॉइडने किडनी जात नाही. या वयातल्या बहुतेक मुलांची गळती प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडनेच थांबते. पहिल्या खेपेला रोज किलोमागे 2 मिलिग्रॅम, 6 आठवडे. मग किलोमागे 1.5, एक दिवसाआड, 6 आठवडे. 12 किलोच्या मुलाला आधी 24, नंतर 18 मिलिग्रॅम. वजन सुजेआधीचं धरायचं, आणि डोस डॉक्टरच ठरवणार. भूक वाढते, चेहरा गोल होतो, रक्तदाब चढू शकतो, हे खरंच. पण काही आठवड्यांनी गोळी एकदम तोडली तर शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड अपुरं पडतं आणि आजारपणात मूल कोसळू शकतं.

काढ्याची गोम वेगळी. अंग सुजलेलं असलं तरी रक्तवाहिन्यांत पाणी कमीच असू शकतं. त्यात या काढ्यासारखं लघवी वाढवणारं औषध मनाने दिलं, वर जुलाब लागले, तर किडनीला झटका बसतो, रक्ताची गुठळीही होते.

डाळ-दूध बंद करणं तर उलटंच. वयाला लागतं तेवढं प्रथिन मिळू द्या. बंद करायचं ते मीठ: सूज असेपर्यंत बिबडे, पापड, लोणचं, शेवभाजी नको. भाकरीही अळणीच थापा.

ताप आणि पोटदुखी, एकाच पायाला सूज, लघवी अगदी कमी किंवा लाल, झटके: यातलं काहीही दिसलं तर रात्रीच दवाखाना. गोळ्या चालू असताना घरात कांजिण्या निघाल्या, तर मुलाला पुरळ यायच्या आत, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.