टाका मारू नका, सांधून द्या

तिसऱ्यांदा तुटला. एकाच महिन्यात, एकाच जागी, तिसऱ्यांदा. परवा सकाळी मोसंबीच्या चौथ्या ओळीत छोट्या ट्रॅक्टरचा सायलेन्सर मानेपासून निखळला, बॉनेटवर आपटला आणि खाली पडला. उघड्या इंजिनाचा तो फटफटाट ऐकून शेजारच्या वावरात चुलत्यांची बैलजोडी बुजली आणि औतासकट बांधाकडं पळाली. सत्तरीचा माणूस कासरा धरून मागं फरफटत गेला. गुडघा फुटला त्यांचा. मला एक शब्दही बोलले नाहीत ते, आणि तेच जास्त लागलं.

आता कुणी मला म्हणू नका की एवढं काय त्यात, वेल्डिंगचा एक टाका मारून घ्यायचा. या "टाका मारून घ्या"नंच माझा महिना खाल्लाय.

वेळ कोणती आहे ते बघा. डिसेंबर संपत आलाय. आंबे बहार, म्हणजे मोसंबीचा जानेवारीत धरायचा बहार, त्यासाठी बाग ताणावर आहे, पाणी तोडलंय, पानं मलूल पडलीत. आता हलकी मशागत करायची, शेणखत मातीत मिसळायचं, आळी बांधायची आणि जानेवारी लागला की पाणी सोडायचं. ताण लांबला तर नुसती पानं नाही, फांद्याही वाळतात. मोठा ट्रॅक्टर ओळीत घातला तर खालच्या फांद्या मोडतात, म्हणून तर कर्ज काढून छोटा घेतला. आणि तो छोटा एका नळीपायी शेतातल्या आखाड्यावर उभा.

पहिल्यांदा नुसती चीर गेली होती. आवाज बदलला, काजळी उडायला लागली, धूर थेट तोंडावर. गावातल्याच वेल्डरकडं नेला. त्यानं सायलेन्सर काढला नाही, पुसला नाही, ग्राइंडरला तर हातच लावला नाही. वर रंग, खाली गंज, आतून बोटभर काजळी, आणि त्याच्यावरच रॉड टेकवला. नळीचा पत्रा जेमतेम दीड मिलीमीटर. त्याला यानं १० नंबरचा रॉड लावला, म्हणजे ३.१५ मिलीमीटरचा, आणि मशीन मात्र जाड अँगल जोडायला ठेवलेलं तसंच. पत्र्याला भोक पडलं. भोक बुजवायला अजून रॉड ओतला, बाजूला दुसरं भोक पडलं. शेवटी नळीच्या मानेवर लोखंडाचे गोळेच गोळे, नुसते वरून चिकटलेले. मी म्हटलं, "मिस्तरी, हे धरंल का?" तर म्हणे, "दादा, तुम्ही बिनघोर जा, दोन वर्षं बघायचं काम नाही."

तिसऱ्या दिवशी तुटलं. तेही वेल्डिंगवर नाही, वेल्डिंगच्या अगदी कडेला. गोळा जाड, शेजारचा पत्रा जळून पातळ झालेला. एका सिलिंडरचं इंजिन दिवसभर थरथरतंय, ती सगळी थरथर त्या पातळ कडेवर. तिथं नाही तुटणार तर कुठं तुटणार? हे कळायला इंजिनिअरिंग लागत नाही. तार एकाच जागी वाकवून बघितलेलं पोरगंसुद्धा सांगेल.

मग शोरूमला गेलो. म्हटलं नवीच नळी टाकू, कटकट नको. काउंटरवरच्या पोरानं कॉम्प्युटरमधून मान वर न करता सांगितलं, नुसती नळी येत नाही, अख्खा सायलेन्सर घ्या, चार हजारांच्या पुढं जाईल, माल यायला पंधरा दिवस, पैसे आधी भरा. पंधरा दिवस! बागेचा ताण त्याच्या कॉम्प्युटरमध्ये दिसत नाही.

दुसरा वेल्डर बाजारच्या गावचा. दुकान मोठं, पाटी मोठी. मालक गल्ल्यावर बसलेला आणि काम करणारं पोरगं फार तर सोळा वर्षांचं. डोळ्यावर काच नाही, हातात मोजे नाहीत, पायात स्लीपर. ठिणगी पडली की डोळे मिटायचं, मान वळवायची आणि अंदाजानं रॉड पुढं सरकवायचा. मालक म्हणाला, तुटलेल्या जागी बाहेरून नळा चढवू, मजबूत होईल. कल्पना चांगली, पण नळा आणला तो पाण्याच्या पाइपाचा, जीआयचा. त्यावर जस्ताचा मुलामा असतो. जस्ताची वाफ ९०७ अंशांवर होते आणि लोखंड वितळायला १५०० च्या आसपास जावं लागतं. म्हणजे सांधा लागायच्या कितीतरी आधी सगळं जस्त धूर होऊन वर येतं. आलाच तो पांढराशुभ्र दाट धूर, थेट त्या पोराच्या तोंडावर. या धुरानं रात्री थंडी वाजून ताप भरतो. जुने वेल्डर हे जाणतात, म्हणून आधी घासून मुलामा काढतात. मी ओरडलो, "अरे बाजूला हो, ते घासून घे आधी!" मालक हसला. म्हणे, "सवय आहे त्याला."

सवय आहे! वेल्डिंगच्या उजेडानं रात्री डोळ्यांत वाळू टोचल्यासारखं होतं, पोरं बटाट्याच्या चकत्या डोळ्यांवर ठेवून पडून राहतात, आणि हा म्हणतो सवय आहे. काळ्या काचेच्या हेल्मेटला काय किंमत पडते? त्या दिवशी त्यानं माझ्याकडून तीनशे घेतले. त्या पैशात साधी हातात धरायची ढाल तरी नक्की आली असती. मी तसं बोलून दाखवलं तर माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी त्याच्या घरातलं काही काढलं.

एवढ्यावर भागलं नाही. नळीचं टोक फ्लँजमध्ये, म्हणजे बोल्टानं आवळायच्या कड्यात, नीट बसेना, तर म्हणे, "फ्लँज राहू द्या, डायरेक्ट मॅनिफोल्डलाच चिकटवून टाकतो." मी त्याचा हातच धरला. मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर काढणारा तो भाग, बिडाचं असतं, बाबा! बिडाला साधा रॉड लावला तर गार होताना तडतड तडकतं. बीड जोडायचं तर निकेलचा रॉड लागतो, आधी तापवावं लागतं, नंतर राखेत नाहीतर वाळूत हळूहळू गार करावं लागतं. आणि चिकटलंच समजा, तर पुढं सायलेन्सर काढायचा कसा, कापून? ट्रॅक्टरवर वेल्डिंग लावताना बॅटरीची मायनस तार काढायची असते, नाहीतर अल्टरनेटर जायची भीती. तीही यांनी काढली नव्हती, मीच पाना मागून काढली. अर्थिंगचा चिमटा लावला होता मागं ट्रॉलीच्या हुकाला, म्हणजे करंट सगळ्या बेअरिंगांमधून फिरून येणार. तोही मीच उचलून नळीजवळ लावला. पैसे मी द्यायचे आणि राखणही मीच करायची.

हा जोड आठ दिवस टिकला. परवा जो तुटला तो हाच.

रिकामा सायलेन्सर पोत्यात घातला आणि काल मोटारसायकलवर निघालो. आमचा जिल्हा जालना. लोखंडाच्या भट्ट्या आणि सळईच्या मिल यांच्यावर ज्या शहराचं नाव चालतं, त्याच्यापासून पाऊण तासावर राहतो मी, आणि दीड मिलीमीटरचा पत्रा नीट सांधणारा माणूस हुडकायला मला महिना लागला. राग याचा आहे.

एका म्हाताऱ्या मिस्तरीचं दुकान सापडलं. दुकान कसलं, पत्र्याची टपरी. त्यांनी सायलेन्सर हातात घेतला, फिरवून बघितला, आणि किंमत सांगायच्या आधी विचारलं, "मालक, याच्या ब्रॅकेटला बोल्ट आहे का?"

मी गप्प. बघितलंच नव्हतं मी. लगेच घरी फोन लावला, धाकट्याला आखाड्यावर पाठवलं. ब्रॅकेट आहे, भोक आहे, बोल्ट नाही. दिवाळीच्या आधी ट्रॅक्टर त्याच शोरूमला सर्विसिंगला दिला होता तेव्हा तिथं हात घालायला बोल्ट काढला असणार आणि परत लावलाच नाही. त्याच्या आधी बोल्ट होता, गणपतीत मी स्वतः धुतलाय ट्रॅक्टर, तेव्हा पाना फिरवल्याचं आठवतंय. तेव्हापासून अख्खा सायलेन्सर नुसत्या मानेवर लोंबत होता. त्याला तुम्ही सोन्याचा टाका मारला असता तरी तो तुटला असता. आणि दोन वेल्डर, एक शोरूम, यांच्यापैकी एकालाही विचारावंसं वाटलं नाही की बाबा, हा तुटतोय कशामुळं!

मिस्तरींनी पहिल्यांदा जुने गोळे सगळे कापून काढले. आतली काजळी जाळली, वायर ब्रश मारला, ग्राइंडरनं पत्रा पांढरा चकचकीत होईपर्यंत घासला. एक बारीक चीर खाली नळीत उतरली होती. तिच्या टोकाला ड्रिलनं छोटं भोक पाडलं, म्हणजे चीर तिथंच थांबते. मग काळ्या पत्र्याचा, बिनमुलाम्याचा तुकडा गोल वळवून बाहेरून बसवला. १२ नंबरचा रॉड, म्हणजे अडीच मिलीमीटरचा, आणि मशीन सत्तर अँपिअरच्या आसपास. व्होल्टेज पडलेलं होतं, रॉड चिकटायला लागला, तर ते थांबले. सरळ स्टूल ओढून बसले, पण ओढून-ताणून काम रेटलं नाही. अर्ध्या तासानं लाईट सुधारली तेव्हा लावला. एका दमात नाही, इंचभर इकडं, मग समोरच्या बाजूला इंचभर, मध्ये गार होऊ द्यायचं. शेवटी हातोडीनं वरची खपली उडवली, तर खाली माशाच्या खवल्यासारखी एकसारखी रेघ. मी बोट फिरवून बघितलं. एक गोळा नाही, एक भोक नाही. दोनशे रुपये घेतले त्यांनी. नवं पॅकिंग, बोल्ट आणि स्प्रिंग वॉशर बाजूच्या दुकानातून, ते वेगळे.

दोनशे. आधीच्या दोघांना मिळून साडेचारशे देऊन बसलोय. डिझेल, चकरा आणि मोडलेले दिवस धरलेलेच नाहीत. चुलत्यांच्या गुडघ्याला चार टाके पडलेत, ते कशात धरायचे?

मला वेल्डरचा राग नाही, काम अवघड आहे हे मला दिसतं. पण काम येत नसेल तर "माझ्याच्यानं होत नाही" म्हणा ना! माणूस दुसरीकडं जाईल. आणि गिऱ्हाईकसुद्धा काही कमी नाहीत. "चालतंय की, एवढा हंगाम निघू द्या" म्हणणारे आपलेच आहेत. शेजारच्या गावात एकजण बिनसायलेन्सरचाच ट्रॅक्टर चालवायलाय, सोयाबीनच्या भुसकटाच्या गंजीजवळून. उघड्या मॅनिफोल्डमधून ठिणगी पडली तर वर्षाची वैरण जाईल, त्याला सांगून सांगून दमलो.

काल संध्याकाळी बसवला. बोल्ट मी स्वतः आवळला, तीनदा पाना फिरवून बघितला. आज सकाळपासून सात ओळी झाल्या, आवाज एकसारखा आहे. अजून अकरा ओळी राहिल्यात आणि पाणी सोडायला हातात पाच दिवस.

दुपारी त्याच शोरूमचा फोन आला, पुढच्या सर्विसिंगची आठवण करून द्यायला. मी सांगितलं, आणतो गाडी. पण हात लावायच्या आधी तुमच्या माणसाला माझ्यासमोर उभा करा. सायलेन्सरचे, ब्रॅकेटचे सगळे बोल्ट मोजून त्याच्या हातानं कागदावर लिहून घेणार, आणि गाडी परत नेताना तेवढेच मोजून घेणार. एक जरी कमी भरला तर ट्रॅक्टर तुमच्या दारातून हलणार नाही.