‘थायरॉईडची गोळी आपोआप बंद होईल’ म्हणणाऱ्यांना

नाशिकच्या सिडकोत राहणाऱ्या माझ्या मोठ्या बहिणीने सहा आठवडे थायरॉईडची गोळी घेतली नाही आणि घरात कोणाला पत्ता नव्हता. मी वीस वर्षं गोळे कॉलनीत औषधांच्या दुकानात काम करतो. तिच्या गोळ्या मीच नेऊन देतो. गेल्या रविवारी तिच्याकडे मिसळीला जमलो, तेव्हा गोळ्यांची बाटली कपाटात तशीच भरलेली दिसली. विचारलं तर ताईने मोबाईल पुढे केला. मेसेज असा होता:

“लठ्ठपणा म्हणजे पोषणाची कमतरता. सकाळी नाश्त्याऐवजी शेक, संध्याकाळी गार्सिनिया आणि ग्रीन टीची कॅप्सूल. ३० दिवसांत १० किलो कमी, गॅरंटी. १०० टक्के नैसर्गिक, साइड इफेक्ट शून्य. एफएसएसएआय मान्यताप्राप्त. थायरॉईड आणि शुगरच्या गोळ्या आपोआप बंद होतील.”

आमच्या नात्यातल्या आणि भिशीच्या ग्रुपवर हाच मेसेज फिरतोय. म्हणून उत्तरही सगळ्यांसमोर देतो आणि शेवटच्या ओळीपासून सुरुवात करतो, कारण माणसाचं खरं नुकसान त्या ओळीने होतं.

थायरॉईडची ग्रंथी कमी काम करते तेव्हा तिचं हार्मोन बाहेरून द्यावं लागतं. ती गोळी म्हणजे तेच हार्मोन. शेकमध्ये ते नसतं, आणि कोणी लपवून घातलं असेल तर तो गुन्हा आहे. मग ताईला गोळीशिवाय “छान वाटतंय” असं का वाटलं? कारण हे हार्मोन शरीरातून फार सावकाश उतरतं. त्याचं प्रमाण निम्म्यावर यायलाच साधारण आठवडा लागतो. म्हणजे गोळी सोडल्यावर पहिले काही दिवस काहीच जाणवत नाही, आणि नेमक्या त्याच दिवसांत शेक सुरू झालेला असतो. श्रेय शेकला मिळतं. पुढे थकवा येतो, चेहरा सुजतो, पोट साफ होत नाही, थंडी वाजते. ताईला हे सगळं झालं. तिने शेक देणाऱ्या क्लबमधल्या कोच बाईंना सांगितलं, तर उत्तर आलं, “ताई, हे डिटॉक्स चाललंय, शरीरातली घाण बाहेर पडतेय.” घाण नव्हती ती. हार्मोन संपत चाललं होतं. आणि थायरॉईड कमी पडलं की वजन वाढतं, हे तर ती गोळी घेणाऱ्या कोणालाही विचारा. वजन उतरवायला आलेल्या बाईची वजन आटोक्यात ठेवणारी गोळीच काढून घेतली! सोमवारी रक्त दिलं. टीएसएच, म्हणजे थायरॉईड कमी पडलं की रक्तात वाढणारा आकडा, चारच्या आत हवा, तो २८ आला.

शुगरच्या गोळ्यांबद्दल मात्र अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. ब्रिटनमध्ये ‘डायरेक्ट’ नावाची चाचणी झाली, तिचे निकाल २०१७ च्या डिसेंबरात आले. तीन ते पाच महिने दिवसाला सव्वाआठशे ते साडेआठशे कॅलरींचे शेक आणि सूप दिले, आणि वर्षभराने ४६ टक्के लोकांची शुगर औषधाविना ताब्यात होती. पण तिथे गोळ्या थांबवल्या त्या दवाखान्याच्या देखरेखीखाली, आणि परिणाम साधला तो कमी कॅलरींनी व त्यातून उतरलेल्या वजनाने, कुठल्या डब्यातल्या जादूने नव्हे. फ्लॅटच्या हॉलमध्ये वजनकाटा आणि टाळ्या एवढीच सामग्री असलेल्या क्लबने या चाचणीचा आधार घेऊ नये.

आता “१०० टक्के नैसर्गिक”. ‘जामा नेटवर्क ओपन’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१८ साली आलेला अभ्यास मी ताईला मराठीत सांगितला, इथेही सांगतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाला २००७ ते २०१६ या काळात छुपी औषधं मिसळलेली ७७६ सप्लिमेंट सापडली. त्यांतली ३१७ वजन कमी करण्याची होती, आणि या ३१७ पैकी २६९ मध्ये सिब्युट्रामीन होतं. हे नाव आमच्या धंद्यातल्या जुन्या लोकांना चांगलं माहीत आहे. भूक मारणारं हे औषध आपल्याकडेही चिठ्ठीवर मिळायचं. हृदयविकार असलेल्यांमध्ये हार्ट अटॅक आणि लकव्याचा धोका वाढतो असं दिसल्यावर २०१० मध्ये ते युरोप-अमेरिकेतून गेलं आणि २०११ मध्ये भारतात त्यावर बंदी आली. दुकानातून हद्दपार झालेलं औषध हर्बलच्या डब्यातून परत येतं, आणि डब्यावर त्याचं नाव नसतं. ताईच्या डब्यात ते आहे असं मी म्हणत नाही. पण “नैसर्गिक” हा शब्द वाचून आत काय आहे ते कळत नाही, हे या आकड्यांवरून नक्की कळतं. आणि जे उघड लिहिलंय तेही निरुपद्रवी नाही. ग्रीन टीचा कप वेगळा आणि त्याचा अर्क वेगळा. अर्कातलं मुख्य द्रव्य दिवसाला ८०० मिलिग्रॅमच्या पुढे गेलं की यकृतावर ताण दिसू लागतो, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्येच सांगितलंय. गार्सिनिया आपल्या कोकमाच्या कुळातली. १९९८ मध्ये १३५ लोकांवर बारा आठवडे तपासली, औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा जास्त वजन उतरलं नाही.

३० दिवसांत १० किलो? एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. दहा किलोचे ७७,००० झाले, म्हणजे रोज अडीच हजारांहून जास्त. बैठं काम करणारी बाई दिवसभरात तेवढं खर्चच करत नाही. ती महिनाभर फक्त पाण्यावर राहिली तरी हा हिशेब जुळणार नाही. काट्यावर उतरतं त्यात पाणी आणि स्नायू असतात.

एफएसएसएआय म्हणजे आपली अन्नसुरक्षा संस्था; तिचा चौदा आकडी नंबर हा खाद्यपदार्थ बनवण्या-विकण्याचा परवाना आहे. फरसाणाच्या पाकिटावरही असतो. त्याने वजन उतरतं असं कोणी प्रमाणित केलेलं नाही. डबा नीट वाचा, बारीक अक्षरांत “औषधी वापरासाठी नाही” असं छापलेलं सापडेल. लठ्ठपणा बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने मनाई आहे, म्हणून डब्यावर ‘आहारपूरक’ छापायचं आणि बरं करण्याची भाषा व्हॉट्सअॅपवर बोलायची.

लठ्ठपणा वाढतोय हे खरंच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१५-१६ मध्ये २१ टक्के बायका आणि १९ टक्के पुरुष जास्त वजनाचे होते, २०१९-२१ मध्ये ते २४ आणि २३ टक्के झाले. पण त्याला नुसती पोषणाची कमतरता म्हणणं चूक आहे. सिडको-सातपूरकडे पाहिलं तर मला पाळ्यांच्या नोकऱ्या, तुटलेली झोप, दुचाकीशिवाय कोपऱ्यावरही न जाणं आणि दिवसभराचा गोड चहा दिसतो. ताईला महिन्याचे साडेसात हजार खर्चायला लावणाऱ्यांनी तिला एकदाही विचारलं नाही की तू झोपतेस किती.

गोळी मंगळवारपासून डॉक्टरांना विचारून पुन्हा सुरू झाली आहे. तुमच्या घरात कोणी अशी गोळी सोडली असेल तर आजच डॉक्टरांना फोन करा. शेक सोडवतच नसेल, तर गोळी सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्या आणि कॅल्शियम, लोह किंवा सोया असलेला शेक चार तासांनी. नाहीतर गोळी अंगी लागत नाही. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर रक्त देण्याआधी लॅबमध्ये सांगा, त्याने थायरॉईडचा रिपोर्ट चुकू शकतो. ताईची पुढची तपासणी सहा आठवड्यांनी आहे. तोवर कपाटातली बाटली दर रविवारी मी स्वतः मोजणार आहे.