खांदेरीचे दीपगृह: फिरत्या संदेशातील तीन विधाने

सोलापुरातील दुर्गप्रेमींच्या गटांमध्ये खांदेरी बेटावरील दीपगृहाविषयीचा एक संदेश सध्या वारंवार पुढे पाठवला जात आहे. त्यात तीन गोष्टी ठामपणे सांगितल्या आहेत. हे दीपगृह छत्रपती शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये बांधले आणि इंग्रजांनी त्याला केवळ आपले नाव दिले, हे पहिले विधान. जीपीएस आल्यापासून ते निरुपयोगी झाले आहे, हे दुसरे. जुना चुना कच्चा असल्याने मनोऱ्याला सिमेंटचा गिलावा आणि रंग द्यावा, जुनी भिंगे काढून नवा दिवा बसवावा, म्हणजे जीर्णोद्धार पूर्ण होईल, हे तिसरे. आपल्या जिल्ह्याला समुद्रकिनारा नसल्यामुळे असे संदेश पडताळून न पाहता स्वीकारले जाण्याची शक्यता अधिक आहे, आणि तिसऱ्या विधानातील सल्ला कोणी अमलात आणला तर होणारे नुकसान भरून काढता येणार नाही, म्हणून हा सविस्तर प्रतिवाद.

१६७९ हे साल खरे आहे, परंतु ते किल्ल्याचे आहे. त्या वर्षी मराठ्यांनी अलिबागजवळील थळ गावाच्या समोरील या बेटावर तटबंदी उभारण्यास सुरुवात केली, तेव्हा मुंबईकर इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी या दोघांनीही आरमार आणून ते काम बंद पाडण्याचा प्रयत्न केला. तरीही मायनाक भंडारी आणि दौलतखान यांच्या नेतृत्वाखाली बेट मराठ्यांकडेच राहिले आणि किल्ला पूर्ण झाला. पुढे १७१८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याने खांदेरीवर हल्ला केला, तेव्हा कान्होजी आंग्र्यांच्या लोकांनी तोही परतवला. दीपगृह मात्र १८६७ चे, म्हणजे किल्ल्यानंतर १८८ वर्षांनी आलेले, इंग्रजी अमलातील बांधकाम आहे. तो मुंबई बंदरातील व्यापार झपाट्याने वाढण्याचा काळ होता. आपल्या सोलापूरपर्यंत रेल्वे आली तीही १८६० मध्येच, आणि दख्खनचा कापूस मोठ्या प्रमाणावर जहाजांवर चढू लागला तो याच सुमारास. बंदराच्या दक्षिणेकडील वाटेवर असलेल्या या खडकाळ बेटावर दिव्याची गरज त्यातून निर्माण झाली. नावाविषयीचा आरोप तर अगदीच उलटा आहे, कारण या बेटाला आणि दिव्याला कान्होजी आंग्र्यांचे नाव मिळाले ते स्वातंत्र्यानंतर. भर समुद्रात, शत्रूच्या तोफांसमोर किल्ला बांधणाऱ्यांच्या कर्तृत्वाला इंग्रजांनी बांधलेल्या मनोऱ्याचे श्रेय जोडण्याची काहीही आवश्यकता नाही.

दुसऱ्या विधानाचे उत्तर थोडक्यात देता येते. उपग्रहांचे संकेत सुमारे २०,००० किलोमीटरवरून येतात, ते अतिशय क्षीण असतात आणि त्यांत अडथळा आणता येतो. जून २०१७ मध्ये काळ्या समुद्रातील सुमारे वीस जहाजांच्या यंत्रांनी, जहाजे पाण्यात असताना, त्यांचे स्थान जमिनीवरील विमानतळावर दाखवले होते. अशा वेळी खलाशाला डोळ्यांनी दिसणारी खूण हवी असते. प्रत्येक दीपगृहाचा दिवा किती सेकंदांनी किती वेळा लुकलुकतो हे नकाशावर नोंदवलेले असते, त्यामुळे समोरचा दिवा नेमका कोणता हे त्याला लगेच ओळखता येते. भारतात १९२७ च्या दीपगृह कायद्याच्या जागी २०२१ मध्ये नवा कायदा आला, त्यातही दीपगृहे मोडीत काढलेली नाहीत. उलट जुन्या दीपगृहांना वारसा म्हणून घोषित करण्याची तरतूद त्यात नव्याने केलेली आहे.

तिसरे विधान सर्वांत घातक आहे. समुद्रातील मनोऱ्याच्या दगडी भिंतीत खारे पाणी सतत शिरते आणि वाळताना बाहेर पडते. सांध्यांमध्ये चुना असेल तर तो दगडापेक्षा मऊ आणि सच्छिद्र असल्याने ओलावा त्या सांध्यांमधून निघून जातो, मिठाचे स्फटिक तेथेच तयार होतात आणि झिजतो तो चुना, जो गवंडी पुन्हा भरू शकतो. त्याच सांध्यांत घट्ट सिमेंट भरले की ओलाव्याला वाट दगडातूनच काढावी लागते, मीठ दगडाच्या पृष्ठभागाखाली साठते आणि पापुद्रे सुटू लागतात. आपल्याकडे जुन्या वाड्यांच्या भिंतींना खालून सिमेंटचा गिलावा केल्यावर ओल आणखी वर चढते, हा अनुभव पुष्कळांना आहे. समुद्रात तर त्यात मिठाची भर पडते. चुना कच्चा असतो हा समजही टिकत नाही. इंग्लंडमध्ये एडिस्टन खडकावर जॉन स्मीटन याने १७५९ मध्ये पूर्ण केलेले दीपगृह पाण्यातही घट्ट होणाऱ्या चुन्यात बांधलेले होते, आणि शंभराहून अधिक वर्षांनी ते बदलावे लागले ते मुख्यतः खालचा खडक झिजू लागल्यामुळे. त्या मनोऱ्याचा वरचा भाग उतरवून प्लिमथ येथे पुन्हा उभारण्यात आला व तो आजही तेथे आहे.

भिंगांबाबतही हीच काळजी हवी. फ्रेनेल पद्धतीच्या भिंगात काचेचे अनेक लोलक पितळी चौकटीत लांबीने (काच बसवण्याच्या पुट्टीने) बसवलेले असतात आणि ही पुट्टी कालांतराने ठिसूळ होते, म्हणून असे भिंग घाईने उतरवणे हाच त्याला सर्वांत मोठा धोका असतो. दिवसा दीपकक्षाला पडदे लावण्याची पद्धत होती, कारण सूर्यप्रकाश भिंगातून एकवटला तर आग लागू शकते. नवा दिवा बसवायचाच असेल तर जुन्या भिंगाचा प्रत्येक लोलक क्रमांक घालून, छायाचित्रे काढून नोंदवावा आणि जाणकारांकडूनच उतरवून घ्यावा. २०२५ मध्ये खांदेरीचा समावेश मराठा लष्करी भूदृश्यांमधील बारा किल्ल्यांमध्ये जागतिक वारसा म्हणून झाला आहे, तेव्हा बेटावरील कोणतेही काम कोणत्या चुन्यात आणि कोणाच्या देखरेखीखाली होणार, हे काम सुरू होण्यापूर्वी विचारण्याचा अधिकार सोलापुरातून तेथे जाणाऱ्या दुर्गप्रेमींनाही आहे.