माठ भरलेला होता, तरी बायका पाणी पीत नव्हत्या

"हल्ली माणसं कामच करत नाहीत." जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-सावदा पट्ट्यात हे वाक्य मला रोज कुठे ना कुठे ऐकू येतं. केळीच्या पॅकहाऊसवर, म्हणजे केळी धुऊन पेट्यांत भरतात तिथे, मॅनेजर म्हणून माझी अकरा वर्षं गेली, आणि सुरुवातीची काही वर्षं मीही हेच म्हणायचो. आता कुणी म्हटलं की मी थांबवतो. का, ते आज सविस्तर लिहितो.

मी आधी जिथे होतो तिथली गोष्ट. मे महिना, पारा पंचेचाळिशीला टेकलेला. बायका साडेआठला हजर असायच्या, पण शेतातून पहिला घड यायला दहा वाजायचे. दीड तास फण्या धुण्याच्या टबाजवळ नुसत्या उभ्या. मग एकापाठोपाठ ट्रॅक्टर लागायचे आणि कंटेनर संध्याकाळी भरून निघायचाच, म्हणून सगळी घाई भर उन्हात. बारानंतर पेट्या रोडावायच्या. मालकांचं मत पडलं की बायका टाळाटाळ करतात. कॅमेरे लागले. फरक शून्य. मग रोज, म्हणजे दिवसाची ठरलेली मजुरी, बंद करून पेटीमागे पैसे सुरू केले.

पहिल्याच दिवशी पेट्या वाढल्या. पण फणी दांड्यापासून कापली की तिचा चीक गळतो, आणि तुरटीच्या पाण्यात तो गळायला जो वेळ लागतो तो लागतोच. घाईने उचललेल्या फणीवर चीक वाळतो, तपकिरी डाग धरतो. फणीवर फणी आपटली तर त्या दिवशी साल हिरवीगारच दिसते. काळा डाग उमटतो तो माल पिकायला लागल्यावर. म्हणजे आम्ही इथे मोजलेला वेग पुढे आखातातल्या गोदामात खराब माल म्हणून उघडा पडायचा. व्यापाऱ्याने बिलातून पैसे कापले. ते बायकांच्या मजुरीतून वळते करायचं ठरलं. त्या बैठकीत मी होतो आणि गप्प बसलो. ते अजून मनाला लागून आहे.

त्याच आठवड्यात फण्या धुणाऱ्या एक मावशी चक्कर येऊन खाली बसल्या. सावलीत नेलं, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी दिलं. माठ दहा पावलांवर होता, काठोकाठ भरलेला. मी विचारलं, "मावशी, पाणी का नाही पिलं?" त्या खाली बघत राहिल्या. शेजारची मुलगी हळूच बोलली, "भाऊ, पानी पिलं तं मंग जायाचं कुठी?"

बायकांसाठी तिथे संडासच नव्हता. पुरुष बागेत जायचे. बायका घरून निघताना घोटभर पाणी प्यायच्या आणि संध्याकाळपर्यंत तोंड कोरडं ठेवायच्या, एवढ्या उन्हात! आणि आम्ही ऑफिसात बसून कॅमेऱ्यात बघत होतो, बारानंतर यांचे हात का मंदावतात म्हणून. बायकांसाठी वेगळं स्वच्छतागृह हवं, हे कारखान्यांच्या 1948 च्या कायद्यात स्पष्ट लिहिलेलं होतं. मला ते माहीत होतं. फायलीतलं कलम आणि समोरची बाई यांची सांगड मी कधी घातली नव्हती.

पुढे मी दुसऱ्या पॅकहाऊसवर आलो तेव्हा आधी संडास बांधून घेतला, मग बाकीचं बोललो. कापणी पहाटेच सुरू केली. बायका सातला येतात, अडीचला घरी. फळाचाही यात फायदा आहे, कारण पेटीतला माल 13-14 अंशांवर आणायचा असतो आणि उन्हात तापलेला घड तिथपर्यंत उतरवायला वेळ आणि वीज दोन्ही जास्त जातात. मजुरी परत रोजावर आणली. "रोजावर कोण राबतंय?" असं मला बऱ्याच जणांनी ऐकवलं. घड वेळेवर आला, क्रेट हाताशी असली, पोटात पाणी असलं तर राबतात. मी रोज बघतो.

गैरहजेरीचं तर मला फारच उशिरा उमगलं. बाजाराच्या दिवशी निम्म्या बायका गायब असायच्या. आम्ही आठवड्याचे पैसे त्याच संध्याकाळी द्यायचो, बाजार उठल्यावर! त्यामुळे उसने मागायला, जुनी उधारी सांभाळायला त्यांचा दिवस जायचा. पैसे एक दिवस आधी द्यायला लागलो, बाजाराच्या दिवशी बारालाच सुट्टी ठेवली, आणि पाल गावाकडून जीपने येणाऱ्या बायकासुद्धा त्या दिवशी यायला लागल्या. महिन्याच्या पगाराचंही तेच. सात तारखेच्या आत पगार हा नियम 1936 पासूनचा आहे, तरी आपल्याकडे "पंधरापर्यंत होईल" हे किती सहज बोललं जातं. ज्याचा किराणा अडलाय त्याचं लक्ष कामात कसं लागणार?

टोयोटाच्या कारखान्यात चूक दिसली की साधा कामगारही दोरी ओढून लाइन थांबवू शकतो, हे मी एका प्रशिक्षणात ऐकलं होतं. आमच्याकडे दोरी नाही, पण तो अधिकार टबावरच्या बायकांना दिला. चीक नीट गेला नसेल तर त्या "थांबा" म्हणतात, आणि त्यावर मीसुद्धा घाई करायची नाही असं ठरलंय. पहिले पंधरा दिवस कुणीच थांबवलं नाही. भीती होती. मग एकीने थांबवलं, मी सगळ्यांसमोर तिला बरोबर म्हटलं, आणि तिथून पुढे परत येणारा माल कमी होत गेला.

माणूस उभा दिसला की "काय टाइमपास चाललाय?" असं ओरडण्याआधी "कशासाठी थांबलात?" एवढं विचारून बघा, ही माझी सगळ्या पॅकहाऊसवाल्यांना, जिनिंगवाल्यांना, डाळमिलवाल्यांना हात जोडून विनंती आहे. आणि विचारलं तर उत्तरावर त्याच दिवशी काहीतरी करा, नाहीतर पुढच्या वेळी कुणी सांगणार नाही.

गेल्या सोमवारी संडासाच्या दाराची आतली कडी निखळली होती. एक मावशी सकाळी आल्या आल्या थेट माझ्या टेबलाशी येऊन म्हणाल्या, "भाऊ, कडी तुटली." नऊच्या आत मिस्त्री येऊन नवी कडी बसवून गेला.