'दुखणं दाबायला शिकवू नका': एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

खुब्याच्या ऑपरेशननंतर पहिले दोन-तीन दिवस लहान मुलांना वेदनाशामक घड्याळ बघून द्या, असं मी लेखात म्हटलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं: रडलं तर द्यावं, उगाच लिव्हर कशाला बिघडवायचं? आणि दुखणं दाबून टाकलं तर प्लास्टरच्या आत काही बिघडलंय हे कळणार कसं?

दुसरी शंका खरंच मोलाची आहे, म्हणून आधी तिच्याकडे वळते. निखळलेला खुबा बसवला की पोर छातीपासून पायापर्यंत स्पायका प्लास्टरमध्ये असतं. आत सूज वाढून पायाचा रक्तपुरवठा अडला, तर ते दुखणं नेहमीच्या औषधांना दाद देत नाही. डोस वेळेवर जातोय, तरी रडणं वाढतंच आहे आणि पायाचा अंगठा हलकेच वर केला तरी पोर किंचाळतंय, असं झालं की थेट हॉस्पिटल गाठायचं. बोटं गार किंवा निळी पडायची वाट बघायची नाही. पण औषधच दिलं नसेल, तर हे रडणं टाक्यांचं, भुकेचं की सुजेचं, हे ओळखणार कसं?

झोपेत दचकून ओरडणं मात्र बहुतेकदा स्नायूंच्या पेटक्यांचं असतं. त्याचं औषध वेगळं; ते डॉक्टरांकडूनच घ्यायचं.

राहता राहिलं लिव्हर. पॅरासिटामॉल साधारण किलोमागे 15 मिलिग्रॅम, दर 6 तासांनी, म्हणजे 10 किलोच्या मुलाला 150. घोळ होतो तो बाटलीत. 5 मिलिलिटरमध्ये 125 असलेलं सिरप असेल तर 6 मिलिलिटर, 250 वालं असेल तर 3, आणि थेंबांच्या बाटलीत एका मिलिलिटरलाच 100 असलं तर फक्त दीड. चिठ्ठी एका बाटलीची आणि कपाटातली बाटली दुसरी, की डोस सरळ दुप्पट! त्यात आयबुप्रोफेन या दुसऱ्या वेदनाशामकाच्या कित्येक सिरपमध्ये पॅरासिटामॉल आधीच मिसळलेलं असतं. लिव्हर बिघडतं ते अशाने. आणि घरात उरलेलं निमेसुलाईड हे वेदनाशामक तर नकोच. 12 वर्षांखालच्या मुलांसाठी त्यावर आपल्याकडे 2011 पासून बंदी आहे.

रडल्यावर द्यायचं म्हणता, पण फार दुखणारं पोर कधीकधी रडतही नाही. कपाळाला आठ्या, दुधाला नकार, कुशीत घेतलं तरी अंग ताठ. हेही दुखणंच.

तुमच्या नातवाचं प्लास्टर अजून ओलं आहे, असं लिहिलंत. डोससाठी त्याचं ऑपरेशनआधीचंच वजन धरा. प्लास्टरसकट काट्यावर ठेवलं तर आकडा फुगतो आणि डोसही.